वयनीची जीभ आणि आमचा शोषखड्डा

आमच्या सर्वण गावात एखाद्याच्या घराची तारीफ करायची असली की लोक फरशीबद्दल बोलत नाहीत, रंगाबद्दलही नाही. ते म्हणतात, "वीस वर्षं झाली, टाकी एकदासुद्धा उपसावी लागली नाही." ऐकणारा मान डोलावतो. संडासाची टाकी भरत नाही म्हणजे जमीन उत्तम, मेस्त म्हणजे गवंडी हुशार आणि घरमालक नशीबवान. मीसुद्धा तेच मानत होते. डिचोलीच्या बाजारात मी औषधांच्या दुकानात उभी असते. दर पावसाळ्यात कुठल्या वाड्यावर पोट बिघडलंय हे मला पंचायतीच्या आधी कळतं. तरीही न भरणाऱ्या टाकीतलं पाणी जातं कुठे, हा प्रश्न पन्नाशी आली तरी मला पडला नव्हता.

तो पडला माझ्या थोरल्या जावेला. तिला मी वयनी म्हणते, माझा नवराही म्हणतो. थोरले दीर वारून बरीच वर्षं झाली. ती एकटी राहते आणि एकटीच राबते. सत्तरी ओलांडली आहे, पण माडाच्या आळ्यात खत दुसऱ्या कुणी घातलेलं तिला खपत नाही.

जमिनीची वाटणी झाली तेव्हा आमच्या वाट्याला वरची भरड आली. भरड म्हणजे उतारावरची खडकाळ जागा: वर चार बोटं माती, खाली सगळा चिरा, म्हणजे जांभा दगड. तिच्या पूर्वेला, खालच्या अंगाला, वयनीचं घर. घरामागे तिची विहीर, त्याखाली भाजीचं परसू, माड आणि शेवटी शेत. विहिरीला इथे बाव म्हणतात. गावात नळ आहे, पण मे महिन्यात तो सुसकारे जास्त टाकतो आणि पाणी कमी. वयनी नळाचं पाणी भांड्यांना वापरते, पिण्याचं पाणी बावीचं. आमचं घर बांधून झालं की त्याच बावीला पंप लावून पाणी वर घ्यायचं ठरलं होतं. म्हणजे दोन घरांचं पिण्याचं पाणी एकाच ठिकाणचं.

बांधकामाला मेस्त आणला तो दोडामार्गाकडचा. मोजकं बोलणारा, ओळंबा लावल्याशिवाय विटेचा खांबही उभा न करणारा माणूस. त्यानं पहिल्या दिवशी पहारीनं जमिनीवर चार ठिकाणी ठोकलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "बाय, पायाची काळजी करू नको. देवान घालून ठेवलोहा."

ते खरं होतं. आमच्या दुकानात पाळी गावाहून एक बाई कामाला येते. तिचं घर खाणीच्या मातीच्या भरावावर आहे. दर पावसाळ्यात तिच्या दाराच्या चौकटी हलतात, आणि दरवर्षी ती सुताराला बोलावून दार एका बाजूनं तासून घेते. आता ते दार मूळ दारापेक्षा दोन बोटं अरुंद झालं आहे. आमच्या भरडीवर असा प्रकारच नाही. वरची माती खरवडली की खाली तांबडाजर्द चिरा, आणि त्यावर थेट भिंत उभी करायची.

चिऱ्याचं मला लहानपणापासून कौतुक आहे, पण तो कापताना रोज जवळून बघितला तो घर बांधताना. जमिनीतून काढताना तो इतका मऊ की मेस्त त्याला कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं साबणासारखा तासायचा. बाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की महिन्यागणिक घट्ट होत जातो. बाकी सगळ्या वस्तू उघड्यावर पडल्या की खराब होतात. हा एकच उघड्यावर पडून सुधारतो. आमच्या कुंपणाचे निम्मे चिरे आमच्याच खड्ड्यांतून निघाले.

घराचा नकाशा मी स्वतः कागदावर काढला होता. पश्चिमेला रस्ता, म्हणून तिकडे तोंड. पुढे सोपो, दोन्ही बाजूंना बसायला चिऱ्याचे कट्टे, समोर तुळस. न्हाणी आणि संडास मागच्या कोपऱ्यात, पूर्वेला, रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही असे. त्याच्यामागे सेप्टिक टाकी, आणि टाकीतलं वरचं पाणी मुरायला शोषखड्डा. इंजिनियरनं फक्त मापं नीट करून दिली. खड्ड्यापासून बावीपर्यंतचं अंतर नियमात सांगितलंय त्याच्या दुप्पट होतं. ते मी स्वतः टेपनं मोजलं होतं.

खड्डा खणून झाला त्या दिवशी इंजिनियरच्या सांगण्यावरून आम्ही त्यात पाणी ओतून बघितलं. मुरतं की नाही, किती वेळात मुरतं. मेस्तनं तीन पिंपं ओतली. मी घड्याळ लावून काठावर उभी. वयनी नेहमीप्रमाणे दहाच्या सुमारास चहाची किटली आणि पाववाल्या पोदेराकडचे गोल उंडे घेऊन वर आली होती. मेस्तचा उंडा चहात बुडवून खाऊन होईपर्यंत खड्ड्याचा तळ दिसला.

"सुकलो!" मेस्त म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन केला. तो आला, त्यानं वाकून बघितलं, आणि म्हणाला, "आमच्या नातवंडांनासुद्धा उपसावा लागणार नाही."

वयनी अजून खड्ड्यातच बघत होती.

"पाणी गेलां खंय?" तिनं विचारलं.

"जमिनीत," मी म्हटलं.

"जमिनीत खंय?"

"वयनी, जमीन केवढी मोठी आहे!" नवरा हसला.

"मोठी आसा तां माका म्हायत आसा. तीन पिंपां पाणी होतां. तां खंय तरी जाऊन बसलां असतला ना?"

मेस्तनं हात पुसले. एरवी तो अशा बोलण्यात पडत नसे. "काकी, हो चिरो म्हणजे घावन. वरसून कडक, आत नुसती भोकां."

"मगे घावनावर रस ओतलो तर खाली ताट खंय आसा तां बघूक नको?" वयनी म्हणाली. "ताट म्हणजे माजी बाव."

"अगो वयनी, प्लॅन पास झालाय," नवरा म्हणाला. "अंतर नियमाच्या दुप्पट आहे."

"पाण्याक वाचूक येता नियम?"

मेस्त हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. मी चिडले होते. पाऊस पाच आठवड्यांवर आला होता. मागची भिंत खिडकीपर्यंत चढली होती. जागा मी निवडली होती, अंतर मी मोजलं होतं, आणि ती चहाची किटली घेऊन येऊन एका प्रश्नात सगळं उलटंपालटं करत होती. मी तिला म्हटलं, "वयनी, तुला वाटतंय म्हणून घर थांबत नाही. सिद्ध करून दाखव."

हे मी भांडण संपवायला म्हटलं होतं. तिनं ते काम म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी किटलीबरोबर उत्तर घेऊन आली.

"मीठ घालूया," ती म्हणाली.

वयनीचं माहेर पेडण्यात, खाडीच्या काठावर. तिथली जमीन आमच्यासारखी नाही. हातभर खणलं की रेती, आणि रेतीत पाणी. चैत्र सरला की खाडीचं पाणी हळूहळू विहिरींत चढायला लागतं. तिच्या लहानपणी रोज सकाळी विहिरीचा पहिला घोट घ्यायचं काम तिच्याकडे होतं. घोट घ्यायचा आणि आईला सांगायचं: आज प्यायला भरायचं, की नुसतं धुण्याला. तिनं चुकीचं सांगितलं तर घरातल्या सगळ्यांची पेज वाया. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या जिभेवर घर चालत होतं. हे तिनं मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

आणि मीठ तिच्याकडे होतंच. पावसाआधी माडांच्या आळ्यांत जाडं मीठ घालतात. माहेरच्या मिठागरातलं करडं मीठ दर उन्हाळ्यात टेंपोनं येतं, आणि तिच्या पडवीत दोन गोणी रचलेल्या असतात.

"दोनय गोणी खड्ड्यात घालूया," ती म्हणाली. "वरसून रोज पाणी सोडूया. माज्या बावीत मीठ इलां तर माका कळतला."

"आणि आलं तर तुझी बाव खारट होईल," मी म्हटलं. "मेमध्ये तू पिणार काय?"

"चार दिवस नळाचां पिईन. मरणय नाय."

मी होकार दिला तो तिला खोटं पाडायच्या खात्रीनं, हे कबूल करते. मात्र परीक्षा माझ्या पद्धतीनं होईल असं बजावलं. मीठ घालायच्या आधी मी बावीचं पाणी काढून दुकानातल्या स्वच्छ धुतलेल्या काचेच्या दहा-बारा बाटल्यांत भरून ठेवलं. रोज सकाळी तीन ग्लास. दोनांत हे जुनं पाणी, एकात त्या दिवशी बावीतून काढलेलं. कुठल्या ग्लासात काय, हे फक्त मला ठाऊक. वयनीनं तिन्हींतला वेगळा ग्लास ओळखायचा. ओळखला नाही तर त्या दिवशी मीठ आलं नाही असं धरायचं.

"शाळेची परीक्षा घेतंस माजी?" तिनं विचारलं.

"हो."

"घे. मी शाळेक गेलंयच नाय, नापास करून करून करतलंस काय?"

मेस्तनं दोन्ही गोणी खड्ड्यात रिकाम्या केल्या. चार माणसांच्या घरात रोज जेवढं पाणी सांडतं तितकं मी हिशेबानं रोज सोडायला लावलं, एक पिंप जास्त नाही, कमी नाही. मग मी वाट बघायला लागले.

पहिल्या दिवशी तिनं तिन्ही ग्लासांतलं पाणी तोंडात घोळवलं, थुंकलं आणि सांगितलं, "तीनय सारखी."

दुसऱ्या दिवशी, "सारखी."

तिसऱ्या दिवशी मला शंका आली की हिला खरंच काही कळतं की ही नुसती डोळे मिटून बसते. म्हणून दुकानात कुणाशी करू नये ते मी केलं. एका ग्लासात घरून आणलेल्या मिठाची चिमूट टाकली, अगदी थोडी. वयनीनं पहिला ग्लास घेतला, दुसरा घेतला. तिसरा जिभेला लागताच तिनं तो खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्यां पाकिटातलां मीठ," ती म्हणाली. "माजां मीठ मागसून जरा कडू लागता. दुकानात गिरायकांका अशीच फसवतंस काय गो?"

मेस्तला ठसका लागला. मी कान पकडले. त्या दिवसापासून मला त्या जिभेबद्दल आदर वाटायला लागला, पण माझ्या खड्ड्याबद्दलचा विश्वास हलला नव्हता. उलट वाढला होता. एवढ्या तीक्ष्ण जिभेला तीन दिवसांत काही लागलं नाही, म्हणजे मीच बरोबर.

चौथ्या दिवशी "सारखी." पाचव्या दिवशीही "सारखी."

नवरा म्हणाला, "झालं की मग. वयनी, आता तरी टाकी बांधू दे!"

"बांधा," वयनी म्हणाली. "माका नाय लागूक तर मी लागला म्हणून कशी सांगू?"

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा आठवलं आहे. बाव तिची होती. पाणी तिचं होतं. पहिल्याच सकाळी तिनं तोंड वाकडं करून "खारट" म्हटलं असतं तर आम्ही वादही घातला नसता. वयाचा मान ठेवून, कुरकुरत का होईना, खड्डा हलवला असता. पाच दिवस ती रोज उताराची चढण चढून वर येत होती आणि रोज स्वतःच्या विरुद्ध साक्ष देत होती. मला तोपर्यंत वाटत होतं की तिला खड्डा नको आहे. तिला फक्त पाणी कुठे गेलं ते जाणून घ्यायचं होतं.

मेस्तनं टाकीचे चिरे मोजायला घेतले. तरी मी म्हटलं, आठवडा पुरा करूया. खरं सांगायचं तर विजय पुरता पदरात पाडून घ्यायचा होता.

सहाव्या सकाळी वयनीनं पहिला ग्लास घेतला, घोळवला, थुंकला. दुसरा घेतला. थांबली. चूळ भरली. पुन्हा दुसरा. मग तिसरा. मग परत दुसरा.

"इलां," ती म्हणाली.

मी हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं. दुसरा ग्लासच आजचा होता. मी तिला पाठमोरी बसवलं आणि ग्लास बदलून परत मांडले. तिनं परत बरोबर ओळखला. तिसऱ्यांदाही. मेस्तला बोलावलं; त्याला एकदा कळलं, एकदा नाही. नवऱ्यानं तिन्ही ग्लास गटागटा पिऊन टाकले आणि सगळी गोड लागतात म्हणाला.

"भावजी, तुज्या जिभेर तंबाखूचां सारवण आसा," वयनी म्हणाली.

मग मी प्याले. तोंडात काहीच कळलं नाही. गिळल्यावर मात्र जिभेच्या कडांना काहीतरी बारीक राहिलं, आणि त्याच्यामागून किंचित कडसर.

मी चिऱ्यांच्या ढिगावर बसले. माझ्या डोळ्यांसमोर दुकानातला जुलै महिना आला. मीठ निदान जिभेला सांगतं तरी. आमच्या टाकीतून जे आलं असतं त्याला ना चव, ना रंग. वयनी रोज सकाळी तांब्या भरून प्यायली असती, आम्ही पंपानं वर चढवून प्यायलो असतो, आणि मी काउंटरवरून दुसऱ्यांना पाणी उकळून प्या म्हणून सांगत राहिले असते.

मेस्तनं मग मला जमिनीवर रेघ काढून दाखवलं. वरचा चिरा भोकांचा. त्याखाली पांढरट-गुलाबी चिकण माती, तिला इथे शेड म्हणतात. पाणी भोकांतून सरळ खाली उतरतं, शेडीवर अडतं आणि तिच्या पाठीवरून उताराच्या दिशेनं घसरत जातं. पूर्वजांनी बाव खणली ती बरोबर त्या दोन्हींच्या सांध्यावर, म्हणून तर तिला मेपर्यंत पाणी. मला हे ऐकून जमिनीचा राग यायला हवा होता. आलं ते कौतुकच. तिनं आपलं काम चोख केलं होतं. वरून जे दिलं ते खाली पोचवलं. काय द्यायचं हे आम्ही ठरवायचं होतं.

वयनी माझ्या शेजारी बसली नाही. माझं चुकलं असंही तिनं म्हटलं नाही. ती म्हणाली, "आता बाव उपसूक होयी," आणि उतारानं खाली गेली.

दोन दिवस आम्ही बाव उपसली. सगळं पाणी माडांना. मिरचीच्या आणि अळसांद्याच्या वाफ्यांकडे एक थेंब जाऊ नये म्हणून ती स्वतः फावडं घेऊन पाटाच्या तोंडावर उभी होती. मिठाच्या गोण्या माडांसाठीच होत्या, त्या लांबच्या वाटेनं का होईना माडांना मिळाल्या, असं तिचं म्हणणं. खड्डाही आम्ही गोड्या पाण्यानं धुऊन काढला, आणि परत उपसा केला. आठवड्यानं तिनं घोट घेतला आणि स्वयंपाकघरातली घागर घेऊन आली. मला तेवढं पुरलं.

मग माझी पाळी आली.

पूर्वेकडे कुठेही खड्डा खणला तरी पाणी बावीकडेच जाणार होतं. उतार विरुद्ध होता तो फक्त पश्चिमेला, रस्त्याच्या अंगाला. तिथलं पाणी व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे जातं. वयनीला तिथली माती ठाऊक होती. चुलीला लावायला ती वर्षानुवर्षं तिथूनच शेड खणून नेत आली आहे. चिरा तिथे नावालाच आहे. मेस्तनं खणलं, एक पिंप ओतलं, दुसऱ्या दिवशी अर्धं पाणी तसंच. म्हणजे इथे दुसरीच अडचण. इथे शोषखड्डा केला तर पावसाळ्यात तो वर येणार. एकीकडे जमीन फार पिते, एकीकडे पीतच नाही.

यावरचा तोडगा तिघांचा आहे. कुणी किती दिला हे सांगता येणार नाही. टाकी शेडीत बांधायची, आतून बाहेरून गिलावा करून पक्की, आणि ठरलेल्या वर्षांनी गाडी बोलावून उपसायची, लाज न बाळगता. तिच्यातलं वरचं पाणी खड्ड्यात न सोडता जमिनीवर उचललेल्या रुंद मातीच्या उंचवट्यात सोडायचं: खाली खडी, मग रेती, वर शेतातली माती आणि पालापाचोळा. त्यावर केळी आणि कर्दळ. माती कशी रचायची ते वयनीनं सांगितलं. भरडीवर बिनमातीच्या जागी परसू कसं उभं करतात हे तिच्याइतकं कुणाला येत नाही. चिऱ्यात खळगा करून, त्यात राख, पाला, शेतातली माती असे थर देऊन तिनं जिथे गवत धरत नव्हतं तिथे भेंडी काढलेली मी बघितली आहे. "माती दाबू नको," ती मेस्तला सारखी सांगत होती. "रस्तो करतंस काय? तिका दम घेऊक दी."

राहिला प्रश्न पाइपच्या उताराचा. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या संडासाचा पाइप घराला वळसा घालून पश्चिमेला न्यायचा तर मध्ये उतारच मिळत नव्हता. मेस्तनं दोनदा दोरी लावून बघितली आणि माझ्याकडे आला.

"बाय, संडास फुडे आणूक लागतलो."

पुढे म्हणजे सोप्याला लागून. जिथे माझ्या कागदावर उजवीकडचा चिऱ्याचा कट्टा होता, तिथे. तुळशीपासून दहा पावलांवर, रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर. तो कागद माझ्या पाकिटात कित्येक वर्षं होता. घड्यांवर फाटला म्हणून मी त्याला मागून चिकटपट्टी लावली होती.

"लोक काय म्हणतील?" नवऱ्यानं विचारलं.

"म्हणतील ते म्हणतील. ते आपल्या बावीचं पाणी पीत नाहीत," मी म्हटलं, आणि मेस्तला मागची भिंत उतरवायला सांगितली.

त्यानं ती पाडली नाही, उतरवली. एकेक चिरा हत्यारानं सोडवून, खालच्या माणसाच्या हातात देऊन. फुटले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याच चिऱ्यांनी त्यानं पुढची भिंत उभी केली, पहिल्या पावसाच्या तीन दिवस आधी. मागचा रिकामा खड्डा बुजवू नकोस असं वयनी म्हणाली. आता छपरावरचं पावसाचं पाणी गाळून त्यात सोडलं आहे. कितीही मोठा पाऊस आला तरी तो खड्डा तुंबत नाही.

उजवा कट्टा गेला. डावा आहे, त्यावर दोन माणसं बसतात. केळींना पहिल्याच वर्षी घड आला, आणि तो कुणी खायचा यावर घरात महिनाभर चर्चा चालली. वयनीनं मध्येच कापून नेला.

गृहप्रवेशाला माझी मावशी आली होती, म्हापशाहून. सगळ्या नातेवाइकांत तिची नजर पक्की. रिक्षातून उतरून अजून चप्पल काढली नाही तोच तिनं सोप्याशेजारचं दार बघितलं.

"हें कशें गे?" ती मोठ्यानं म्हणाली. "लोकांच्या दारात गणपती असतो. तुझ्या दारात संडास?"

चारपाच पाहुणे वळून बघायला लागले. नवरा आत सटकला. मी शेडीपासून सुरुवात करून सगळं समजवायच्या तयारीत होते, एवढ्यात वयनी मागून आली. तिच्या हातात तांब्या आणि भांडं होतं, बावीवरून आत्ताच भरून आणलेलं, बाहेरून ओलं.

"पयलां पाणी पी," ती मावशीला म्हणाली. "उन्हातसून इलंस."

मावशी प्यायली. भांडं पुढे केलं. वयनीनं परत भरलं. दुसरं भांडं मावशीनं सावकाश, घोट घोट करत संपवलं, पदरानं तोंड टिपलं आणि विचारलं, "नळाचं आहे काय?"

"बावीचां."

मावशीनं एकदा त्या दाराकडे बघितलं, एकदा उतारावरून खाली, बावीच्या दिशेला. मग चप्पल काढली आणि आत जाता जाता मला म्हणाली, "जाताना मला एक कॅन भरून दे."